उजव्या हाताचा उशीर

“काका, तुमच्या मोजणीत हवा पुन्हा तीस टक्केच. सेन्सर चाळीस म्हणतोय. खोटं कोण बोलतंय?”

रुहीनं विचारलं तेव्हा मोरेश्वरांचे दोन्ही हात अजून दांड्यांवरच होते. समोर पुरुषभर उंचीची पारदर्शक नळी. तिच्यातून पाणी नि हवा मिसळून वर चढायची. दोन्ही दांडे एकाच क्षणी ओढले, की वरची नि खालची झडप बंद. मग पाणी तळाशी बसायचं, हवा वर राहायची आणि पट्टीवर वाचायचं, कोण किती. अमेरिकेत मॉरिसव्हिलजवळच्या या अणुऊर्जा लॅबमध्ये सत्तावीस वर्षं ते हेच करत आले होते. त्यांच्या हाताशी पडताळून सेन्सर दुरुस्त करायचा, हा इथला शिरस्ता.

“सेन्सरच गंडलाय. रिकॅलिब्रेट करते.” रुही इथंच जन्मलेली, वयानं लेकीसारखी, पण साहेब तीच.

“थांब गं जरा.”

गेल्या रविवारी देवळात कीर्तनाला त्यांचा टाळ मागं पडला, तेव्हा बुवांनी नुसतं हसून लय धीमी करून घेतली होती. बुवा दयाळू. पाणी कुणासाठी थांबतं होय? खालची झडप उजव्या हाताकडे. तो मागं राहिला, की तेवढ्यात जास्तीचं पाणी आत घुसणारच.

“मोबाइलवर माझे हात शूट कर. स्लो मोशनमध्ये.”

दोघांनी पाहिलं. डावा हात आला, थांबला. मग उजवा आला, थरथरत.

रुहीनं मोबाइल खाली ठेवला. “काका, मी ‘इक्विपमेंट इश्यू’ लिहिते. तीन आठवड्यांनी तुम्ही रिटायर होताय. व्हाय स्पॉइल इट?”

“इक्विपमेंट नाही गं बाई, मोरेश्वर लिही. या आकड्यांवर विसंबून रिअ‍ॅक्टरवाले म्हणतील, भट्टी थंड ठेवायला पाणी भरपूर आहे. आणि आत नसलं तर? देवाला काय तोंड दाखवू?”

“पण कधीपासूनची रीडिंग्ज रद्द करायची?”

ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी नोंदवही ओढली आणि मागं मागं पानं उलटू लागले. प्रत्येक पानाखाली त्यांची सही, याच उजव्या हाताची. एप्रिलमधली मुंगीएवढी. मार्चमधली जराशी मोठी. फेब्रुवारी, जानेवारी... नोव्हेंबरच्या एका पानावर मात्र सही ऐसपैस बसली होती, शेवटच्या अक्षराखाली झोकदार फराटा मारून.

मोरेश्वरांनी त्या पानावर तळहात ठेवला.

“याच्या पुढचं सगळं काढ,” ते म्हणाले. “हे राहू दे.”