ठमीला काय जमत नाही

"पास झालीय की तुमची मुलगी," कारकून म्हणाला आणि त्याने तपासणीचा कागद कचेरीच्या खिडकीतून बाहेर सरकवला.

ठमीच्या आईला आधी बरंच वाटलं. खोटं कशाला सांगा, चार वर्षं आणि आठ महिन्यांत पोरीच्या बाबतीत हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. मग तिने खालची ओळ वाचली. 'विशेष वर्गाची आवश्यकता नाही.'

"अहो, पण तिला तीन शब्द येतात. जिना चढता येत नाही. घास तोंडात जातो त्याच्या दुप्पट अंगावर सांडतो."

"सहा ठोकळे रचले, नाक दाखवलं, नाव सांगितलं. लिहिलंय ना सगळं इथे."

"ते मी शिकवलं तिला."

"मग चांगलंच आहे की."

चूक झाली ती इथेच. आई शिंप्याच्या दुकानात कपड्यांना दुमड घालायच्या कामाला होती. या तपासणीत काय काय विचारतात ते तिला बालवाडीच्या आयाने मोठ्या आपुलकीने सांगितलं होतं. परीक्षा म्हटली की पोराची तयारी करून घ्यायची, एवढंच आईला ठाऊक. नापास झालं तरच मदत मिळते अशीही परीक्षा असते, हे तिच्या सात पिढ्यांत कुणाला माहीत असणार? सहा आठवडे रोज दुपारी तिने दुकानातल्या कापायच्या टेबलाखाली बसून ठमीकडून रिकामी रिळं एकावर एक रचून घेतली. दोन हजार वेळा तरी घेतली असतील. नाक कुठे, नाव काय, पुन्हा नाक कुठे. ठमीला तेवढंच आलं. पाय कुठे विचारलं की ती अजूनही नाकच दाखवायची.

हे सगळं आईने खिडकीत सांगितलं. कारकुनाच्या मागच्या टेबलावर एक साहेब नखं कापत होते आणि तुकडे अर्जांच्या गठ्ठ्यावर उडत होते. त्यातल्या एखाद्या अर्जात ठमीही असेल, असं आईच्या मनात आलं.

"ताई, परत अर्ज करा," कारकून आवाज खाली आणून म्हणाला. माणूस वाईट नव्हता, हेच जास्त संतापजनक. "जमतं ते लिहू नका. जमत नाही ते लिहा, भरपूर लिहा. आणि लवकर. पाच पूर्ण झाली की हा वर्ग मिळत नाही."

त्या वर्गात रोज तीन तास एक शिक्षिका फक्त चार मुलांना घेऊन बसते. बोलायला शिकवते, हाताने जेवायला शिकवते. आईने तो वर्ग दाराच्या फटीतून पाहिला होता. तेव्हापासून तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

संध्याकाळी नवरा रंगाच्या कामावरून आला. हातपाय धुऊन अर्ज लिहायला बसला.

"लाळ गळते, लिहा," आई म्हणाली.

"आता कमी झालीय गं."

"गळते लिहा. हाक मारली तर बघत नाही."

"बघते की. माझ्या हाकेला तर..."

"लिहा म्हणते ना."

सतरा ओळी झाल्या. नवऱ्याने पेन खाली ठेवलं. "दुसऱ्या कुणी माझ्या पोरीबद्दल हे म्हटलं असतं ना, तर उभा चिरला असता त्याला."

"आधी सही करा. मग मला चिरा."

तिने तो कागद वाचून पाहिला आणि तिला शिसारी आली. कचेरीची आली, त्या नखांची आली, पण सर्वांत जास्त स्वतःची. त्या सतरा ओळींतली मुलगी कुणी दारातही उभी केली नसती. आणि ती तर शेजारी बसून बापाच्या बोटावरचा वाळलेला रंग खरवडत होती.

दुसऱ्या दिवसापासून आईने रिळं वरच्या फळीवर ठेवली. ठमी दुपारी टेबलाखाली जाऊन बसायची आणि रिकाम्या फरशीवर हात थोपटायची.

"दे की तिला दोन रिळं," शिंपीकाका म्हणाले. "सोनं मागतेय का पोर?"

आईने मान वर केली नाही. दुमड तेवढी वाकडी गेली.

तीन आठवड्यांनी पुन्हा बोलावणं आलं. तपासणाऱ्या बाईंना सर्दी झाली होती. नाक पुसलेल्या हातानेच त्यांनी ठोकळे मांडले. "रच बरं, बाळ."

ठमीने एक ठेवला. त्यावर दुसरा ठेवला. मग तिने आईकडे पाहिलं. दोन झाले की ती अशीच थांबायची, आणि आईने "पुढे" म्हटलं की तिसरा घ्यायची. एवढा एक शब्द हवा होता. आई भिंतीवरची पंख्याची बटणं बघत राहिली. चार बटणं होती, एक तुटलेलं.

बाईंनी घड्याळ पाहिलं. ठमी खुर्चीवरून घसरत खाली उतरली आणि आईपाशी आली. तिने दोन्ही हातांनी आईची हनुवटी धरली आणि तिचं तोंड टेबलाकडे वळवलं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, आणि तिने आधी कधी केलंही नव्हतं.

बाई मान खाली घालून लिहीत होत्या. "दोनच," त्या म्हणाल्या. "काळजी करू नका, आता मिळेल वर्ग."

ठमीचे हात हनुवटीवरून निघाले नव्हते. आईने ठोकळ्यांकडे पाहिलं आणि तोंड घट्ट मिटून घेतलं.