प्रयागबाईचा नाश्ता

माझी आई प्रयागबाई एकोणतीस वर्षांपासून आमच्या चौकात तर्री-पोह्याचा ठेला लावते. सकाळी अख्ख्या मोहल्ल्याला खाऊ घालते आणि स्वतः अकरा वाजता, भांडी घासायच्या आधी तळाला लागलेलं खरडून खाते. हे कोणाच्या डोळ्यात खुपलं नाही. खोटं कशाला बोलू, माझ्याही नाही. खुपलं ते थाओच्या.

थाओ व्हिएतनामची. दीक्षाभूमी पाहायला आलेली, विहारातल्या लोकांनी तिची सोय आमच्या घरी लावली. चार दिवस आईनं तिला गॅसजवळ फिरकू दिलं नाही. शेवटच्या दिवशी तिची गाडी साडेदहाची होती. सकाळी सातला पिशवी घेऊन ती माझ्यासमोर उभी राहिली आणि फोनवर तिच्या भाषेचं हिंदी करून मला ऐकवलं, "आज माँ बैठेगी. मैं खिलाऊँगी."

मी म्हटलं, चल. पण सामान तीच घेणार होती. मला दोन पावलं मागे ठेवलं.

आधी मनोहररावांची डेअरी. मी गेले तर हा माणूस मोबाईलमधून मान वर काढत नाही, कालची थैली हातात कोंबतो. थाओला पाहून उठला. खुर्ची पुसली.

"भैया, दूध. एक." थाओनं बोट वर केलं.

मनोहरराव माझ्याकडे वळले. "काहून वं कामिनी, पाहुणीले दूध घ्यायले पाठवता?"

"तिले स्वतः घ्यायचं आहे."

"असं कुठं राहते का! पाहुणी बाजार करते म्हणजे घरच्याईनं उपाशी ठेवलं. मी नाही देत. घरी जा म्हणा, चहा पी म्हणा."

माझं डोकं सटकलं. "काका, आमचे पाहुणे तुमच्या दारात कितीदा उभे राहिले? एकाले तरी खुर्ची पुसली? आज बाहेरदेशची पोर आली तर आमच्या इज्जतीची काळजी लागली तुमाले. दूध विका."

थैली आली. ताजी.

तोवर खबर आमच्या पुढे धावली होती. अंडी-पावाच्या ठेल्यावर विक्की हळूच म्हणाला, "ताई, मावशीचं अन् या पाहुणीचं भांडण झालं म्हणते?" भाजीवाल्या बायजाबाईनं सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, हिरवी जुडी थाओच्या पिशवीत खुपसली अन् तिचा गाल धरला. "पोरी, माझ्या घरी चाल, पोटभर जेवू घालतो." थाओला काही कळत नव्हतं. ती प्रत्येकाला हात जोडून हसत होती. आशीर्वाद मिळतो आहे असंच तिला वाटत होतं.

घरी येऊन तिनं दूध साखर घालून आटवायला ठेवलं, पाव भाजले, तव्यावर अंडी फोडली. तेवढ्यात आई आली. हातात झारा, पदर कमरेला.

"कोणाच्या बापानं म्हटलं का मी पाहुणीले उपाशी ठेवलं? अन् तू वं कामिनी, तिले गॅसपाशी जाऊ देतं? सरक पोरी, सरक!"

थाओ सरकली नाही. तिनं आईच्या हातातला झारा काढून घेतला, दोन्ही खांदे धरले आणि आईला खुर्चीत दाबून बसवलं.

"माँ. बैठो."

माझ्या आईला आजवर असं कोणी बसवलं नव्हतं. मग फोन वाजला. ठेल्यावर रोज येणारा रोहित.

"मावशी, लाइन लागली आहे. कोण वाढते?"

आईनं समोरच्या ताटलीकडे पाहिलं. पिवळा बलक अजून थरथरत होता.

"आपल्या हातानं घ्या. हात झडले का तुमचे?"

फोन ठेवला. "अंडं कच्चं राहिलं," म्हणाली आणि पावानं पुसून पुसून खाल्लं. थाओनं तिच्या गावाहून आणलेली कॉफी त्या आटवलेल्या दुधावर ओतली. पहिल्या घोटाला आईचं तोंड वाकडं झालं. "माय वं, काजळी!" दुसऱ्या घोटाला तिनं कप दोन्ही हातांनी धरला. तिसऱ्याला डोळे मिटले.

दारात मनोहरराव डोकावत होते.

"काय पाहून राहिले?" आई बोलली. "मी खाऊन राहिली. जा आता."

मग माझ्याकडे वळली. "अजून एक कर म्हणा तिले. अन् तू उभी काय, ठेल्यावर जा."

मी धावतच गेले. तर्री अर्धी सांडलेली, पंधरा माणसं प्लेटा घेऊन उभी.

"मावशी कुठं आहे?"

"नाश्ता करून राहिली," मी सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं ओरडले.

"मंग आमचं?"

"थांबा!"