सॉसचा रविवार

शेवटच्या बाटलीवर झाकण ठोकून एर्सीलियाने ती पोत्यात गुंडाळली आणि पिंपात उभी केली. एकशे चाळीस झाल्या. पहाटेपासून आईबरोबर टोमॅटो धुऊन, दळून, गाळून तिचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते. कंबर तर आपली आहे की नाही हेही तिला कळत नव्हतं.

"झाकणं तपासलीस का, विचार त्याला," साव्हेरियो मुलीला म्हणाला.

तो म्हणजे कीथ, तिचा होणारा नवरा. उभा होता दोन हातांच्या अंतरावर! पण लग्न ठरल्यापासून अकरा महिन्यांत म्हातारा त्याच्याशी एक शब्द थेट बोलला नव्हता. लग्न येत्या शनिवारी होतं. चर्चच्या दारापासून वेदीपर्यंत पोरीला बापाने हात धरून न्यायचं असतं, आणि साव्हेरियोने सांगून टाकलं होतं, "मी येणार नाही. इथल्या ज्या लोकांना धड जेवायला बसता येत नाही त्यांच्यात पोर द्यायला मी मायदेशातलं गाव सोडून मेलबर्नला आलो नाही." आई रडून थकली, पाद्री समजावून थकले. आता घरात कुणी विषयच काढत नव्हतं. एर्सीलिया तर एकटीच चालत जायच्या तयारीला लागली होती.

पिंपाखाली जाळ पेटवला, आतलं पाणी तासभर खदखदलं. आता जाळ विझवायचा आणि बाटल्या त्याच पाण्यात उद्यापर्यंत निवू द्यायच्या. या गल्लीतलं शेंबडं पोरही हे सांगेल. साव्हेरियोने पाण्याची नळी घेतली, जाळावर धरली आणि त्याचं सुरू झालं.

"गावात माझं दुकान होतं. डॉक्टर, वकील माझ्या हातचे कोट घालायचे. आणि इथे? चौदा वर्षं कारखान्यात विजारींना इस्त्री मारतोय! साधा खिसा कापू देत नाहीत मला!"

"पापा, पुरे ना आता."

"का पुरे? कुणासाठी आलो मी? तुमच्यासाठीच ना?"

हातवारे करताना नळी वर उचलली गेली. एर्सीलिया बघत होती. गार पाण्याची धार थेट पिंपात. टक्. मग टक्, टक्, टक्. पाणी लाल होत गेलं.

नळी त्याच्या हातातून गळाली. चेहरा एवढासा झाला होता.

कुंपणापलीकडून रोझीना आत्या डोकावली. बापाची सख्खी बहीण; तिला कळलं की गल्लीला कळलंच. "अगं बाई, फुटल्या? कुणी हो घातलं गार पाणी?"

एर्सीलियाने तोंड उघडलं. अकरा महिन्यांचा राग जिभेवर आला होता. इतक्यात कीथने वाकून नळी उचलली.

"मी," तो त्यांच्याच भाषेत अडखळत म्हणाला. "मी घातलं. मला माहीत नाही. माफ करा."

आई पिंपाकडेच बघत राहिली. साव्हेरियो कीथकडे बघत होता.

"अरे गाढवा!" तो एकदम ओरडला. "गरम बाटल्यांवर गार पाणी? तुझं डोकं आहे की खोकं? वर्षाचा सॉस घालवलास! नुसता ताडासारखा वाढलास!"

शिव्या बहिणीला नीट ऐकू जातील अशा बेताने चालल्या होत्या. कीथ मान खाली घालून ऐकत होता. निम्म्या त्याला कळतही नसाव्यात. पोटभर ऐकून आत्या आत गेली.

मग म्हातारा उपड्या खोक्यावर बसला. आवाज पार बसला होता.

"आणि शनिवारी," तो कीथलाच म्हणाला, "ते तपकिरी बूट घालून उभा राहू नकोस. चारचौघांत मी तिला घेऊन येईन आणि तू असा गबाळा. काळे घाल."

कीथने वळून एर्सीलियाकडे पाहिलं. "काय म्हणाले?"

आईने ॲप्रनमध्ये तोंड लपवलं होतं.

"बूट," एर्सीलिया म्हणाली. "काळे बूट घाल म्हणाले."