नापास झाल्यावर पुढं काय

गणिताच्या पेपरला आठ दिवस होते, तेव्हाच प्रियदर्शनी गावडेनं चंदगडला परत जायची बॅग भरून ठेवली. कोल्हापुरात इंजिनिअरिंगचं तिचं दुसरं वर्ष. आपण नापास होणार, हे तिनं मनात इतकं पक्कं केलं होतं की अभ्यासाला बसायचंही सोडलं. वही उघडली तरी पहिल्याच पानावर मिटायची. खोलीतली प्राची म्हणायची, चांगला विचार कर, सगळं नीट होईल. ते ऐकून हिला वाटायचं, आपल्याला तेवढंही जमत नाही.

जेवायला ती राजमती आक्कांच्या खानावळीत जायची. खानावळ जैनांची, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची. त्या संध्याकाळी बाकीच्या मुली उठून गेल्या तरी हिचं ताट तसंच. पुढच्या महिन्यापासून येणार नाही, असं तिनं आक्कांना सांगितलं, आणि का तेही सांगितलं. आक्का पावट्याच्या शेंगा सोलत शेजारी बसल्या. धीर वगैरे काही दिला नाही.

"बरं, झालीस नापास. फुडं?"

"घरी जाईन."

"फुडं?"

"बाबा रागावणार नाहीत. नुसते गप्प बसतील."

तिनं डोळे पुसेपर्यंत आक्का थांबल्या. मग म्हणाल्या, "आनी त्याच्या फुडं?"

ती गोंधळली. त्याच्या पुढचा विचार तिनं कधी केलाच नव्हता. "तो पेपर परत देता येतो," ती हळूच म्हणाली.

"मग तवर जेवाय नको व्हय?" आक्कांनी ताटात गरम आमटी वाढली.

उरलेल्या दिवसांत पाचांतले तीन धडे झाले. गणित चार मार्कांनी राहिलं, बाकी सगळे विषय सुटले. फोन तिनं स्वतःच केला. बाबा खरंच गप्प झाले, बराच वेळ. ती फोन धरून राहिली. शेवटी त्यांनी विचारलं, "परत पेपर कधी हाय?"

फॉर्म भरायच्या रांगेत तिच्या वर्गातली अकरा जणं निघाली. पुढं उभ्या अमरसिंहनं मागं वळून विचारलं, तुझे कुठले धडे झालेत? तिनं तिन्ही सांगितले. त्याचे नेमके उरलेले दोन झाले होते.