चिकाचे डाग

नवं राज्य झालं त्या साली मला बघायला जैनाबादची मंडळी येणार होती. केळीच्या बागेत काम करून माझे हात चिकानं काळे पडले होते. माय ते रोज धुण्याच्या सोड्यानं घासायची. डाग जात नव्हते, कातडी मात्र सोलून निघायची.

"आता सोडा बंद," मी ठणकावलं. "माझी कातडी नाजूक आहे, तवा नाही घासायला!"

मी इतवाऱ्याच्या बाजारातून खोबरेल आणलं आणि महिनाभर एकच नेम पाळला. बागेत जाण्याआधी हातांना तेल चोपडायचं, आल्यावर साध्या पाण्यानं धुवायचे, जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्यानं नुसते टिपायचे आणि पुन्हा तेल. आग थांबली, भेगा भरल्या. जुने डाग तेवढे राहिले.

पाहुणे आले तेव्हा माय पुटपुटली, "हात पदराखाली ठेव."

मी चहा उघड्या हातांनीच पुढे केला. मुलाची आई, सोजरबाई, माझ्या तेलकट, मऊ हातांवरच्या डागांकडे बघतच राहिल्या. मायनं मान खाली घातली. मग सोजरबाईंनी स्वतःचे हात पदराखालून बाहेर काढले. ते लालभडक होते, सोड्यानं सोललेले, आणि चिकाचे डाग तसेच.

"पोरी," त्या हळूच म्हणाल्या, "तेल बागेत जायच्या आधी लावतेस का नंतर?"