उलटं दार

बाबांबरोबरचा शेवटचा साधा दिवस सिनेमात गेला. गुरुवार, दुपारचा खेळ. इस्त्रीचा शर्ट घालून, नखांतला डिंक खरवडून ते तासभर आधीच तयार होते. थिएटरात हातात थ्रीडीचा काळा चष्मा आला तेव्हा म्हणाले, "मोतीबिंदू काढल्यावर डॉक्टरने दिलेला याहून बरा होता."

बाबा सिनेमांसाठी छोट्या प्रतिकृती बनवायचे. जळणारे राजवाडे, बुडणाऱ्या बोटी, आणि चाळीस वर्षांत नऊ अवकाशयानं. या सिनेमातलं यान नववं. सहा फूट लांब. चहाच्या गाळण्या, गोळ्यांची रिकामी पाकिटं, कंगव्याचे दात, पेनांची टोपणं. वरून करड्या रंगाचा हात फिरला की त्यातलं काहीच ओळखू यायचं नाही. आणि प्रत्येक यानाच्या पोटाशी नखाएवढं एक दार, उलटं लावलेलं. पायरी वर, दिवा खाली. मी पायाळू. माझ्या जन्माचा निरोप कारखान्यात पोचला तेव्हा ते पहिलं यान जोडत होते, आणि गडबडीत दार उलटं चिकटलं. आधी कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि लक्षात आल्यावर त्यांनी ते काढलं नाही. पोरगी पायांकडून आली, मग दार कशाला सरळ हवं, असं ते सगळ्यांना सांगायचे. पुढच्या आठही यानांना तसंच दार लागलं.

मी त्यांच्याच धंद्यात आले, पण संगणकावर. बाबांच्या यानाचं अकरा दिवस चित्रीकरण झालं आणि मग ठरलं, की यान संगणकावरच उभं करायचं. प्रतिकृतीभोवती कॅमेरा हवा तसा फिरत नाही. काम माझ्या टेबलावर आलं. मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "तू करणार ना? मग ते माझंच."

मी त्या यानाचे हजारभर फोटो काढले आणि एकेक ओरखडा उतरवला. दारही जसंच्या तसं. तपासणीच्या दिवशी साहेबांनी दाराभोवती लाल गोल काढला. उलटं बसलंय, सरळ करा. खोलीत सात जण होते. का उलटं आहे हे सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. मला लाज वाटली. कसली ते आजही नीट सांगता येत नाही. मी दोन बटणं दाबली आणि पुढचं दृश्य लावलं.

त्या गुरुवारी पडद्यावर समुद्र आभाळात भिंतीसारखा उभा होता. एका ग्रहाभोवतीचं बर्फाचं कडं फुटत होतं आणि त्याच्या लाखो चमचमत्या तुकड्यांमधून जगातलं शेवटचं बियाणं घेऊन यान वाट काढत होतं. लोक खुर्चीत मागे सरकत होते, बाबा तेवढे पुढे. मग आवाज पूर्ण थांबतो आणि यान आपल्या डोक्यावरून जातं, पोट दाखवत, बावीस सेकंद. मी पडद्याकडे पाहिलं नाही. दार केवढं दिसतं हे मला पाठ होतं. मी बाबांकडे पाहत होते. त्यांच्या काळ्या काचांवरून यान सरकत गेलं. डोळे दिसले नाहीत.

बाहेर चहा पिताना त्यांनी विचारलं, "दार दिसलं का गं? त्या चष्म्याने माझ्या डोळ्यांना पाणी आलं."

"दिसलं."

"तसंच?"

"तसंच."

ते जरा वेळ कप बशीत फिरवत राहिले. "मग झालं," म्हणाले. समुद्र उभा राहतो तर त्यातले मासे खाली कसे पडत नाहीत, असं विचारून त्यांनी मला घरापर्यंत छळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना ते कोसळले. मेंदूत रक्तस्राव. चार दिवस ते अतिदक्षता विभागात होते आणि आम्हाला सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं आत सोडत. आत्या म्हणायची, त्याला ऐकू येतं म्हणे, बोल काहीतरी. मी सांगितलं की नळ दुरुस्त झाला. सांगितलं की अर्धी राहिलेली दाढी न्हावी येऊन करून जाईल. जे सांगायचं होतं ते ओठांपर्यंत यायचं, आणि वाटायचं, शुद्धीवर आले की सांगू. आत्ता त्यांना रागावताही येणार नाही. माझ्या कामात चुकलेलं दृश्य परत येतं, लाल गोल घेऊन, दहा-दहा वेळा. इथे यंत्रावर एक हिरवी रेघ सरकत होती आणि माझ्या हातात पाण्याची बाटली होती. पाचव्या दिवशी ती भरायला मी खाली गेले. वर आले तेव्हा आत्या दारात उभी होती.

पंधरा दिवसांनी त्यांची खोली आवरायला घेतली. टेबलावर पसरलेला पेपर त्या बुधवारचा, सिनेमाच्या आदल्या दिवशीचा. त्यावर वीतभर लांबीचं नवं यान होतं, दहावं, कोणी न मागितलेलं. त्याच्या कुशीला शिडी, दोऱ्याएवढ्या बारीक अकरा पायऱ्यांची. एकही तिरकी नव्हती. भिंग खुंटीला टांगलेलं, त्यावर धूळ. मी किती तरी वेळ त्या पायऱ्या मोजत बसले. ज्याला हे भिंगाशिवाय दिसत होतं, त्याला पडद्यावरचं माणसाएवढं दार दिसलं नाही?

गुरुवारी मी त्याच थिएटरात गेले. तीच खुर्ची, शेजारची रिकामी. समुद्र उभा राहिला, कडं फुटलं, आवाज थांबला. यान डोक्यावर आलं.

"बाबा, ते दार मी सरळ केलं," मी म्हणाले. पुढच्या रांगेतल्या बाईने वळून पाहिलं. "का उलटं आहे ते मला सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही."