दाराजवळची खुर्ची

ह्यूस्टनहून नवऱ्याचा, दाउरेनचा फोन आला तेव्हा नाझिम लेकीचा मोजा शोधत होती. दिलनाझला मोजे काढून भिरकावायचा नाद लागला होता, आणि अल्माटीच्या मार्चमध्ये अनवाणी मूल म्हणजे सासूबाईंच्या लेखी गुन्हाच. दाउरेनने आधी लेकीला चार हाका मारून घेतल्या, मग तो मुद्द्यावर, म्हणजे तिघींच्या ह्यूस्टनच्या तिकिटांवर आला. फ्रँकफर्टपर्यंतचा प्रवास त्या मानाने लहान होता, पण तिथून पुढचा पल्ला जवळजवळ अख्ख्या दिवसाचा. तेवढ्यापुरतं एक तिकीट प्रीमियम इकॉनॉमीत बदलून मिळत होतं. रुंद खुर्ची, पाय टेकायला आधार, पाठ बऱ्यापैकी मागे रेलते. एकच जमेल, असं तो म्हणाला. कुणासाठी, ते त्याने विचारलं नाही.

विचारायचं काय त्यात? घरात आपा, म्हणजे सासूबाई होत्या, त्यांचे गुडघे होते. नाझिमच पटकन म्हणाली, "आपांना दे. त्यात विचार कसला?"

बोलून गेली खरी, पण फोन ठेवल्यावर तिला मागचा विमानप्रवास आठवला. गेल्या शरद ऋतूत ती लेकीला घेऊन अक्ताउला माहेरी गेली होती. तो प्रवास इनमीन तीन तासांचा, पण दिलनाझ विमान सुटल्यापासून टेकेपर्यंत रडली होती, आणि शेवटी मागच्या बाईने ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं होतं की सांभाळता येत नाहीत तर लोक मुलं घेऊन निघतातच कशाला. ते वाक्य नाझिमच्या अंगात काट्यासारखं राहून गेलं होतं. या वेळी तिने परीक्षेचा अभ्यास करावा तसं इंटरनेटवरचं सगळं वाचून काढलं. जगभरच्या आया त्या रुंद खुर्चीवरून भांडत होत्या. निम्म्या म्हणत, पैसे पाण्यात, तेच विमान, तीच हवा, पोचायचं त्याच वेळी. निम्म्या म्हणत, एकदा बसलात की पुन्हा मागे जाववत नाही. सासू पुढे आणि सून मूल घेऊन मागे, अशा बाईने काय करावं, हे मात्र कुणी लिहिलेलं नव्हतं.

रौशान आपांनी त्या खुर्चीची किंमत ऐकली आणि चहाचा घोट घेता घेता थांबल्या. म्हणाल्या, एवढ्यात हिवाळ्याच्या मांसासाठी अर्धा घोडा येतो. अर्धा घोडा घरात आला की वसंत येईपर्यंत चूल हसती राहते, आणि ही खुर्ची तर उतरताना तिथेच सोडून यायची. पण लेकाने दिलेलं नाकारायचं कसं? मग त्यांनी रिकामी वाटी पुढे केली आणि नाझिमने ती अर्धीच भरली. चहा अर्धाच ओतायचा, म्हणजे पाहुण्याला पुन्हा मागता येतो आणि सुनेला पुन्हा देता येतो. काठोकाठ भरलेली वाटी म्हणजे, प्या आणि निघा.

दोन वर्षं नाझिमची जागा ठरलेली होती, दाराशी, चहाच्या समोवारजवळ. आपांची जागा मानाच्या तोरवर, म्हणजे दारापासून सगळ्यात लांबच्या भिंतीशी, जाड गाद्यांवर. वाईट कुणीच कुणाशी वागत नव्हतं. फक्त मधे खोलीभर अंतर होतं. आपा तिथून दिलनाझसाठी हात पसरायच्या, आणि नाझिम म्हणायची, "रडेल हो ती, आपा." मग हात मागे जायचे. लेक जन्मल्यापासून तिने तिला दुसऱ्या कुणाच्या कुशीत झोपू दिलं नव्हतं. रात्री उठून नाकाखाली बोट धरून श्वास बघायची, आणि श्वास नीट चालला असला तरी परत झोप यायची नाही.

फ्रँकफर्टला सकाळी विमानात चढल्या तेव्हा नाझिमने पाहिलं, रुंद खुर्च्या दारातून आत शिरल्या शिरल्याच होत्या. आपांची तर पहिल्या रांगेतली, आणि तिला लागून पडदा. तिने आपांना बसवलं, पट्टा लावून दिला, शाल पायांवर घातली. मग लेकीला काखोटीला मारून ती मागे निघाली. मागे म्हणजे पार मागे, जिथे विमान निमुळतं होत जातं. खिडकीशी कानाला हेडफोन लावून एक विद्यार्थी आधीच झोपला होता. मधली खुर्ची रिकामी होती, तेवढंच नशीब.

विमान उडालं आणि दिलनाझने सूर लावला. अंग धनुष्यासारखं ताठ, बाटली नको, खेळणं नको, आई तर मुळीच नको. पुढच्या खुर्चीवरचा टक्कल पडलेला गृहस्थ एकदा मागे वळला. मग पुन्हा वळला. तो काही बोलला नाही, पण नाझिमला अक्ताउच्या विमानातली बाई आठवली. अजून सगळा दिवस जायचा होता.

पट्ट्यांचा दिवा विझला तोच मधल्या वाटेने आपा येताना दिसल्या. एका हाताने खुर्च्यांच्या पाठी धरत, दुसऱ्या हातात संत्र्याच्या रसाचा पेला सांभाळत.

"काय झालं, आपा? गुडघा दुखतोय का?"

"गुडघ्याचं सोड. माझा अपमान झालाय."

नाझिम लेकीसकट अर्धी उठली.

आपांनी पेला तिच्या नाकासमोर धरला. "हे बघ, काठोकाठ. म्हणजे प्या आणि निघा. ठीक आहे बाई, निघाले मी. आणि बसवलंय कुठे मला? दाराला लागून. पडद्यामागे चहाची भांडी खडखडतायत. आपल्याकडे दाराशी, भांड्यांजवळ कोण बसतं?"

"मी."

"मग जा, बस तुझ्या जागेवर. तोर इकडे आहे, मागच्या भिंतीशी. या वयात दाराशी बसले तर चार माणसं काय म्हणतील मला?"

नाझिम बघतच राहिली. ही बाई सबंध आयुष्य तल्दिकोर्गानच्या शाळेत भूगोल शिकवत होती, मक्केला जाऊन आली होती, इस्तंबूलला दोनदा. विमानात कुठली जागा मानाची, हे तिला कुणी सांगायला नको होतं. पण आपांचा चेहरा गंभीर होता, अगदी परीक्षेच्या वर्गात फिरताना असेल तसा. हसू होतं ते फक्त डोळ्यांच्या कोपऱ्यात.

"दाउरेनने ती तुमच्यासाठी घेतलीय," नाझिम म्हणाली. "आणि ही राहायची नाही. माझ्याशिवाय झोपत नाही ती."

आपा रिकाम्या खुर्चीत टेकल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "तू तिच्याशिवाय झोपत नाहीस, पोरी. ते वेगळं."

मग आपांनी दोन खुर्च्यांमधला हात धरून वर उचलला आणि तो उचलला गेल्याचं तिला दाखवलं. त्या रुंद खुर्चीचे हात हलत नाहीत, त्या सांगू लागल्या, मी ओढून पाहिले, त्यांच्या पोटात ताटाची फळी कोंबलीय. ती एकट्या माणसाची खुर्ची आहे. मूल मांडीवर असलं की तिथला राजाही अवघडूनच बसणार. लेकरू आडवं करायचं तर इथेच. आणि त्यांनी हात पसरले.

या वेळी ते हात मागे गेले नाहीत. नाझिमने लेकीला त्यांच्यावर ठेवलं, आणि हात हलके झाल्याबरोबर तिला पडल्यासारखं वाटलं.

हवाईसुंदरी आली, तिला हा प्रकार कळेना. आपांनी शाळेत शिकलेलं जर्मन बाहेर काढलं. त्यांची पाच-सहा वाक्यं ऐकून ती पोरगी खुदकन हसली आणि बाळाचा जोडपट्टा आणून आपांच्या पट्ट्यात अडकवून गेली.

रुंद खुर्चीत नाझिम कडेला बसली, डॉक्टरकडे बसावं तशी. पाय टेकायचा आधार बाहेर आला, तसे तिने पाय वर घेतले आणि लगेच खाली सोडले. कुठेतरी मूल रडलं. ती उठून थेट मागे धावली. दुसऱ्याच कुणाचं होतं. दिलनाझ दोन खुर्च्यांवर आडवी, डोकं आजीच्या मांडीवर, मूठ तोंडात. आपांनी नाझिमकडे पाहिलं आणि नुसती हनुवटी हलवली. जा.

जेवण आलं ते चिनी मातीच्या बशीत, वर छोटा बदामी केक. नाझिमने अर्धा खाल्ला, अर्धा चीजच्या तुकड्याबरोबर कापडी रुमालात बांधला. मेजवानीहून येताना घरच्यांसाठी सारकित, म्हणजे पंगतीतला वाटा आणायचा असतो, रित्या हाताने यायचं नाही. ती पुरचुंडी घेऊन मागे गेली तर दिलनाझ जागी होती, उभी होती, आणि पुढच्या टकलावर हातांनी तबला वाजवत होती. तो गृहस्थ चेहरा आंबट करून बसला होता. नाझिम माफी मागणार, तेवढ्यात तिला दिसलं, त्याच्या गालात आपांनी दिलेला कुर्त आहे. वाळवलेल्या आंबट दह्याची ती गोळी पहिल्यांदा चाखणाऱ्याचं तोंड असंच होतं. त्याने आणखी एकासाठी हात मागे केला.

आपांनी रुमाल सोडला, केकचा वास घेतला, मोडून अर्धा विद्यार्थ्याच्या ताटलीत ठेवला. "दाराशी बसवूनही पंगत बरी वाढतात म्हणायची," त्या म्हणाल्या. "आता परत येऊ नकोस. तोरवरच्या माणसांना सारखी उठबस केलेली आवडत नाही."

नाझिम परत गेली. यापुढचं तिला आठवत नाही. पाठ मागे नेणारी कळ तिने दाबली होती, शाल ओढली होती, आणि शालीला दिलनाझच्या दुधाचा वास येत होता, एवढंच.

खांद्यावर हात पडला तेव्हा तिचा हात आधी मांडीकडे गेला. मांडी रिकामी. ती उठायला गेली तर हवाईसुंदरीने हलकेच खाली दाबलं. विमान उतरत होतं, पट्टा लावायचा होता, कुणाला जागेवरून हलता येणार नव्हतं.

उतरतानाच कान दुखतात. अक्ताउला सगळ्यात मोठा आकांत तेव्हाच झाला होता. नाझिमने खुर्चीचे ते न हलणारे हात घट्ट धरले आणि कान मागे लावले. कुणीतरी खोकलं. ताटं खडखडली. एक मूल ओरडलं, तिचं नव्हे. लेकीचा आवाज हजारात ओळखू आला असता, आणि तो येतच नव्हता. न येणं बरं की वाईट, हे ठरवता ठरवता चाकं जमिनीला टेकली. मग तिच्या लक्षात आलं की ते बरं आहे, असंच आपण ठरवलंय. वाईट असतं तर आपा गप्प बसल्या नसत्या.

दाराशी बसल्याचा एक फायदा असतो. सगळे आपल्यासमोरून जातात. नाझिम कडेला उभी राहून बघत राहिली. सगळ्यात शेवटी टकलाचा गृहस्थ आला, खांद्यावर आपांची पिशवी. त्याच्यामागे विद्यार्थी, मग आपा, आणि त्यांच्या कडेवर दिलनाझ, एक पाय अनवाणी. तिच्या तोंडात मलमलीच्या चिंधीत घट्ट बांधलेला कुर्त होता आणि चिंधीचं टोक आपांनी बोटाला गुंडाळून घेतलं होतं. चोखत राहिली की कान मोकळे राहतात, आपा म्हणाल्या. एरवी नाझिमने ती चिंधी स्वच्छ होती का, हे तीनदा विचारलं असतं. तिने एकदाच विचारलं.

"उकळून आणलीय," आपा म्हणाल्या. "तुझ्या भीतीने."

बाहेर दाउरेन उभा होता, फोनमध्ये दिसायचा त्याहून बारीक. लेकीने त्याला ओळखलं नाही, पण त्याचा कान ओढून पाहिला आणि तो तिला पसंत पडला. गाडीकडे जाताना त्याने आईला विचारलं, खुर्ची कशी होती, पैसे वसूल झाले का, परतीलाही तीच घेऊ का.

"तुझ्या बायकोला विचार," आपा म्हणाल्या. "मी तोरवर होते."

दाउरेन दोघींकडे आळीपाळीने बघत राहिला. नाझिमला वाटलं होतं, हे सांगताना आपल्याला शरम वाटेल. वाटली नाही.

"मला काय ठाऊक," ती म्हणाली. "मी झोपले होते."

"अर्धा घोडा झोपली," आपा म्हणाल्या. "बघ की तोंडावर कशी टवटवी आलीय. वसूल."

दाउरेनने रिवाजाप्रमाणे गाडीचं पुढचं दार आईसाठी उघडून धरलं. मागे लेकीची छोटी खुर्ची बसवलेली होती. आपा गुडघा चोळत उभ्या राहिल्या. आता कुठली सबब काढावी, असं त्यांच्या डोळ्यांत चाललेलं नाझिमला स्पष्ट दिसलं. तिने त्यांना सबब काढू दिली नाही. दाउरेनच्या हाताखालून वाकून ती स्वतःच पुढे बसली आणि पट्टा ओढला.

"नाझिम, आपा—" दाउरेन गोंधळून म्हणाला.

"चल रे, गाडी काढ," मागून आपा म्हणाल्या. त्या दिलनाझशेजारी बसून तिचा उघडा पाय शालीत गुंडाळत होत्या. "सून शहाणी झालीय तुझी."